'र' दोनदा का पडतो?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि पोस्ट लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. राजवाडा, सराफा, रामबागेतले गणपती यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. मी आज कीबोर्डवर लिहिणार आहे. हसू नका. आमच्या घरात या विषयावरून सहा महिने शांतता नव्हती.

इथे नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुन्या इंदूरबद्दलचे लेख तुम्ही वाचत आला आहात. २०२२ च्या पावसाळ्यापासून त्यांत एक गंमत दिसायला लागली. 'मराठी'चं 'मरराठी', 'घर'चं 'घरर', आणि जोडाक्षरांत मधेच ते ठिपक्यांचं गोल वर्तुळ. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला बाजूला कळवलंही, की नानांचं आता वय झालं, तूच टायपून देत जा. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्यांना हे लागलं, त्यांची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

नाना टायपिस्ट. साधेसुधे नाही, बोर्डाच्या परीक्षा दिलेले, हिंदी-इंग्रजी दोन्हीचे, मराठी घरच्या घरी शिकलेले. साठच्या दशकात रामबागेतल्या एका खोलीत सहा मशिनं घेऊन चालणाऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले, मग एका गिरणीच्या ऑफिसात लागले. गिरणी बंद पडल्यावर कोर्टाच्या आसपास बसून अर्ज, करारनामे, वकीलपत्रं टायपली. १९९४ साली आम्ही विजय नगरला, स्कीम ५४ मध्ये राहायला आलो. तेव्हा रात्री नऊनंतर रिक्षावाले विजय नगर म्हटलं की मान हलवायचे. आज त्याच चौकात रात्री बारालाही रस्ता ओलांडता येत नाही. सामानाच्या टेम्पोत नानांनी मशीन मागे ठेवू दिलं नव्हतं, मांडीवर घेऊन बसले होते.

टाइपरायटर दुरुस्त करणारे एक मिस्त्री महिन्यातून एकदा घरी येत. मला त्यांची एक गोष्ट आठवते. ते आधी मशिनीला हात लावत नसत. म्हणायचे, "पहले कागज दिखाओ." नाना एक पूर्ण ओळ टायपून देत, सगळी अक्षरं एकेकदा. मिस्त्री तो कागद उजेडाकडे धरून सांगत: हे अक्षर खाली बसतंय म्हणजे टाइपबार वाकलाय, इथे दोन अक्षरं एकमेकांवर चढलीत म्हणजे कॅरिज पुढे सरकत नाहीये, या बाजूला शाई फिकी म्हणजे रोलर झिजलाय. देवनागरीच्या मशिनीत तर आणखी एक भानगड होती. काही मात्रांच्या कळा मुद्दाम 'मुक्या' केलेल्या असत. त्या दाबल्या की खूण उमटायची पण कॅरिज हलायची नाही, म्हणजे अक्षर त्याच जागी बसावं. त्यामुळे कॅरिज अडकली की मशीन बिघडलंय का मुकी कळच आहे, हे नवख्याला कळत नसे.

कागदावरून मशीन ओळखायची ही विद्या जुनी आहे. शोल्सचं टाइपराइटर अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीनं १८७४ च्या सुमारास बाजारात आणलं आणि १८९१ मध्ये कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सकडून एका टंकलिखित पत्रातल्या झिजलेल्या अक्षरांवरून गुन्हेगार पकडवलासुद्धा. आपल्याकडे गोदरेजनं भारतीय बनावटीचं पहिलं टाइपरायटर १९५५ मध्ये काढलं. नानांचं मशीन गोदरेजच होतं. पण कागदाची एक मर्यादा होती, आणि ती मला फार उशिरा कळली. कागद काय उमटलं ते सांगतो. बोटानं काय केलं ते सांगत नाही. 'र' दोनदा उमटला तर टायपिस्टनं दोनदा मारला की मशिनीनं, हे कागदावर लिहिलेलं नसतं. मिस्त्री तेव्हा टायपिस्टच्या तोंडाकडे बघून ठरवायचे.

कॉम्प्युटर आल्यावर हे प्रकरण अजून धूसर झालं.

१९८१ चा आयबीएम पीसी आला तेव्हा त्याच्या कीबोर्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर होता. कळ दाबली की एक आकडा, सोडली की दुसरा, असे आकडे तो मुख्य मशिनीला पाठवायचा. कळेवर छापलेल्या अक्षराचा त्या आकड्याशी थेट संबंध नाही. अक्षर कोणतं ते पुढे सॉफ्टवेअर ठरवतं. आपल्या भाषांना याचा फार फायदा झाला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि मंडळींनी ऐंशीच्या दशकात जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं, ते पुढे पुण्यात १९८८ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये गेलं. जिस्टचं कार्ड पीसीत खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला आणि १९९१ च्या इस्की मानकात तो जोडला गेला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. इंग्रजी 'के'वर 'क', 'जे'वर 'र', 'डी'वर हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण.

नानांनी पन्नाशीत रेमिंग्टनची सवय मोडून इनस्क्रिप्ट शिकलं. का, तर त्यांना दुसऱ्या, बिचाऱ्या असल्या शब्दांतला आपला मराठी अर्धा र नीट हवा होता. त्यांच्या जुन्या हिंदी मशिनीवर तो नव्हता, आणि रफार देऊन भागवलेलं 'दुसर्‍याचं दुसर्या' त्यांना डोळ्यांत खुपायचं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याचा पाय मोडला की काम झालं. लक्षात ठेवा, हे शिफ्ट आणि 'जे' पुढे परत येणार आहेत.

त्या काळातली कीबोर्ड तपासणी म्हणजे काय, तर मशीन चालू होताना स्वतःच कीबोर्ड चाचपायचं. कीबोर्ड लावलेला नसला तर पडद्यावर संदेश यायचा, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. नाना हा विनोद अजून सांगतात.

आता २०२२. नानांना टाइपरायटरसारखा आवाज करणारा मेकॅनिकल कीबोर्ड मीच तीन वर्षांपूर्वी घेऊन दिला होता. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स टाकून ठेवलंय, त्यावर मराठी इनस्क्रिप्ट. कीबोर्ड घेऊन मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं नोटपॅड उघडलं, दोन ओळी इंग्रजी ठोकल्या, सगळं ठीक. म्हणाला, "कीबोर्ड चकाचक है भिया. अंकल जी का हाथ हिलता होगा." मीही घरी येऊन दोन ओळी इंग्रजीच टायपल्या. काही झालं नाही. इंग्रजीत 'जे' हे अक्षर किती वेळा येतं, याचा विचार ना त्यानं केला ना मी.

मग नानांना माझ्या लॅपटॉपवर टायपायला बसवलं. त्या चपट्या कळांवर त्यांचे हात अवघडले, चुका दुप्पट झाल्या. म्हणजे पुरावा त्यांच्याच विरुद्ध. बायको हळूच म्हणाली, "अहो, नानांना एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना." दाखवलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, थोडा कंप आहे म्हणाले, वयाचा असू शकतो, आणखी काही असू शकतं, दोन महिन्यांनी परत या. नाना गाडीत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर कीबोर्डवर कापड घातलं. टाइपरायटरवर घालायचे तसं.

मी विजय नगरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधतो, आणि घरातली चूक माणसावर ढकलून मोकळा झालो होतो. हे मला कापड घातलेला कीबोर्ड बघताना सुचलं. आणि एकदा सुचल्यावर झोप आली नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. कळ दाबल्यापासून 'र' पडद्यावर येईपर्यंत वाटेत बरेच टप्पे आहेत. कळेखालचा स्विच, कीबोर्डातला प्रोसेसर, यूएसबीची तार, कर्नलमधला ड्रायव्हर, त्यावर इनपुटचं सॉफ्टवेअर, मग कळफलकाची मांडणी, मग आपल्या भाषांसाठी 'इनपुट मेथड' नावाचा आणखी एक मध्यस्थ, आणि शेवटी तुम्ही ज्यात लिहिताय तो प्रोग्राम. इंग्रजीवाल्यांना एक टप्पा कमी लागतो, आपल्याला जास्त. 'र' दोनदा पडला तर चोर यांपैकी कोणीही असू शकतो. शेवटच्या टप्प्याला उभं राहून चोर सापडत नाही. पडदा म्हणजे मिस्त्रींचा कागद.

यासाठी जी हत्यारं आहेत त्यांचा इतिहास वीस-पंचवीस वर्षांचा आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वॉइटेक पावलिक नावाच्या चेक प्रोग्रामरनं लिनक्ससाठी इनपुट उपकरणांची नवी व्यवस्था लिहिली. २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ कर्नलमध्ये ती होती. त्याआधी कीबोर्ड एका भाषेत बोलायचा, माउस दुसऱ्या, जॉयस्टिक तिसऱ्या. पावलिकच्या व्यवस्थेत सगळे एकाच साच्यात बोलू लागले: वेळ, प्रकार, कळेचा क्रमांक, आणि एक किंमत. दाबलं तर १, सोडलं तर ०, दाबून धरून ठेवलं तर २. ते बोलणं नुसतं ऐकायला त्यानंच 'इव्हटेस्ट' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालू करा, कळ दाबा, कर्नलला काय ऐकू आलं ते छापून येतं. मधला कोणी नाही. त्यातली ती १, ०, २ बघून मला पहिल्यांदा जाणवलं, की ही गोष्ट मिस्त्रींकडे कधीच नव्हती. बोट कळेवरून उचललं केव्हा, हे यात लिहिलेलं आहे.

पण ऐकणं वेगळं आणि नोंदवून ठेवणं वेगळं. २००९ च्या सुमारास बहुस्पर्शी पडदे आणि टचपॅड आले. दोन-तीन बोटं एकदम फिरतात, सेकंदाला शेकड्यांनी ओळी येतात. कर्नलमधली त्याची पद्धत बसवणाऱ्या हेन्रिक रुडबर्गनं २०१० मध्ये 'इव्हेम्यू' काढलं. यानं बोटांची हालचाल फायलीत उतरवता येई आणि ती फाइल दुसऱ्या मशिनीवर परत वाजवता येई, कॅसेटसारखी. ज्या प्रोग्रामरकडे तुमचा टचपॅड नाही, त्याच्या टेबलावर तो खोटा-खोटा उभा राहतो आणि तुमचीच बोटं तिथे फिरतात. कर्नलमध्ये त्यासाठी 'यूइनपुट' नावाची सोय आहे, ती हवं ते बनावट उपकरण तयार करून देते.

या नोंदवण्यात एक मोठी गोची होती. कीबोर्डची नोंद करताना तुम्ही जे टायपाल ते सगळं फायलीत. पासवर्ड टायपला, तोही. आणि ही फाइल लोक जगभर मदत मागायला पाठवणार.

२०१३ मध्ये योनास ओडाल यानं सुरू केलेलं 'लिबइनपुट' आज बहुतेक लिनक्स मशिनींत कीबोर्ड-माउस-टचपॅड सांभाळतं. त्याचा कारभार बरीच वर्षं पीटर हटरर बघत आला. २०१८ च्या १.११ आवृत्तीत त्यात 'लिबइनपुट रेकॉर्ड' आणि 'लिबइनपुट रीप्ले' आले. सुधारणा दिसायला बारीक आहेत, पण कामाच्या. एकाच फायलीत दोन-तीन उपकरणं एकत्र नोंदवता येतात, म्हणजे टायपताना तळहात टचपॅडला लागला तर कोणत्या कळेच्या वेळी लागला हे कळतं. फायलीच्या डोक्यावर मशिनीचं नाव, कर्नलची आवृत्ती वगैरे आपोआप येतं, विचारत बसावं लागत नाही. प्रत्येक घटनेपुढे, मागच्यापासून किती मिलिसेकंद गेले, ते माणसाला वाचता येईल असं लिहिलेलं असतं. आणि तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत तर अक्षरांच्या सगळ्या कळा 'ए' म्हणूनच नोंदल्या जातात. काय टायपलं ते झाकलेलं, केव्हा टायपलं ते उघडं.

हे शेवटचं नानांना सांगितलं म्हणून ते तयार झाले. नाहीतर पहिलं वाक्य काय होतं माहितीये? "म्हणजे मी काय लिहितो ते तू बघणार?" ते तेव्हा माझ्या आत्याबद्दल लिहीत होते, जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मी म्हटलं, "नाना, मला फक्त ठोके दिसतील, अक्षरं नाही." ते म्हणाले, "ठोके बघ."

तासभर नोंद केली, आणि माझी फजिती झाली. सगळ्या कळा 'ए' दिसतात, त्यामुळे 'ए' सुटला आणि आठ मिलिसेकंदांत 'ए' दाबला, असं पानोपानी. पहिल्यांदा वाटलं सापडलं! मग कळलं, नाना अट्टल टायपिस्ट आहेत. एक बोट उठताउठता दुसरं पडतं. ते दोन 'ए' म्हणजे दोन वेगळ्या कळा असणार. अक्षर झाकून ठेवलं की हा फरक कळायला मार्ग नाही. मंद टायपणाऱ्याच्या नोंदीत तो कळला असता कदाचित. नानांचा वेगच त्यांच्या आड आला.

तेव्हा तडजोड झाली. आत्या बाजूला. नानांनी ज्यात लपवण्यासारखं काही नाही असं एक पान टायपायचं, आणि मी अक्षरं उघडी ठेवून नोंद करायची. त्यांनी विषय निवडला इंदुरी पोह्यांची कृती. वाफेवर पोहे कसे फुलवायचे, बडीशेप केव्हा, जिरावन वरून किती, शेव आणि कांदा कोणत्या क्रमानं. पूर्ण पान. कापड काढलं, ताठ बसले, आणि घड्याळ लावून टायपलं. मी शेजारी उभा.

फायलीत 'जे' शोधला. पानात तो एकसष्ट वेळा आला होता, त्यांतला सात वेळा असा: दाबला, सुटला, आणि तोच 'जे' पुन्हा दाबलेला. मधे अंतर आठ मिलिसेकंद. एकदा सोळा. हलन्ताच्या 'डी'लाही तसंच, पाच वेळा. बाकी एकाही कळेला नाही. आकडे इतके नीटनेटके आठ-सोळा कसे, म्हणून आधी मला शंका आली की माझंच काही चुकतंय. मग लक्षात आलं, की असा कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही. यूएसबीवरून मशीनच त्याला दर आठ मिलिसेकंदांनी विचारतं, काही बदललं का? म्हणून उत्तरंही आठाच्या पटीत. मी एका बोटानं तीच कळ जिवाच्या आकांतानं बडवून पाहिली; सोडल्यापासून परत दाबेपर्यंतचं अंतर साठ-सत्तरच्या खाली काही जाईना. हाताला कितीही कंप असू दे, आठ मिलिसेकंदांत माणसाचं बोट कळ सोडून परत दाबू शकत नाही.

स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींवर आपटल्या की काही मिलिसेकंद थरथरतात, नव्या स्विचमध्येसुद्धा. कीबोर्डातला प्रोसेसर तेवढा वेळ थांबून मग खरं काय ते ठरवतो. स्विच जुना झाला, धूळ गेली, की थरथर लांबते आणि प्रोसेसरच्या धीरापलीकडे जाते. मग एक ठोका दोन होऊन बाहेर पडतो. आता विचाराल, काना सगळ्यात जास्त लागतो, त्याची कळ कशी शाबूत? माहीत नाही बुवा. स्विचचं असं सरळ गणित नसतं.

मी नानांना फाइल दाखवली. चष्मा वर करून त्यांनी एकेक ओळ वाचली. मग म्हणाले, "म्हणजे थरथरतंय ते हे." आणि कीबोर्डवर टिचकी मारली.

आता यावर एक फुकट उपाय होता. सेटिंगमध्ये 'बाउन्स कीज' नावाची सोय असते, तीच कळ फार लवकर परत आली तर मशीन ती सोडून देतं. ही सोय मुळात केली ती हाताला कंप असलेल्या माणसांसाठी. मी ती चालू करून दिली. नानांनी विचारलं, हे काय आहे? खरं सांगितलं. ते म्हणाले, "मशीन कापतंय, आणि औषध मी घ्यायचं? बंद कर." बंद केली. रविवारी सोल्डरिंगची कढई... चुकलो, सोल्डरिंगचं खोडकं आणलं आणि दोन स्विच बदलले. दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत काम झालं.

इथे पोस्ट संपवली असती तर बरी दिसली असती. पण नाना तसे नाहीत. टायपिंगच्या परीक्षेत चुका मोजायची सवय अंगात मुरलेली. त्यांनी विचारलं, "त्या पानात माझ्या चुका किती?" मी टाळलं. त्यांनी परत विचारलं.

चार होत्या. पोह्यांच्या पानात 'ऱ्य'चे शब्द सात-आठ होते, त्यांतल्या चार ठिकाणी साधा र पडला होता. फायलीत स्पष्ट दिसत होतं: डावी शिफ्ट दाबली, शिफ्ट सुटली, आणि मग 'जे' पडला. वीस-तीस मिलिसेकंदांचा उशीर. शिफ्ट धरणारी डावी करंगळी वेळेआधी सुटत होती. यात कीबोर्डचा काही दोष नव्हता. 'अ'लाही शिफ्ट लागते, पण तिथे शिफ्ट आणि 'डी' दोन्ही डाव्या हाताला, त्यामुळे ते उजव्या शिफ्टनं काढतात. तिथे एकही चूक नव्हती. म्हणजे फक्त डावी करंगळी.

मी हे सगळं एका कागदावर छापून दिलं, त्यांनीच सांगितलं म्हणून. तो कागद घेऊन आम्ही दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांना मिलिसेकंदांत फार रस नव्हता, पण डावी करंगळी म्हटल्यावर त्यांनी कोपर तपासलं, कोपराशी शीर दबत असावी म्हणाले, आणि टेबलाच्या काठावर कोपर टेकून बसणं बंद करायला सांगितलं. नाना गेली साठ वर्षं तसेच बसतात. आता टेबलाच्या काठाला जुनी चादर घडी करून बांधलीये. फरक थोडा आहे, पण आहे. हाताचा कंप वयाचाच, असं ठरलं. शिफ्टसाठी 'स्टिकी कीज' चालू करू का, म्हणजे शिफ्ट धरून ठेवायला लागणार नाही, असं मी भीत-भीत विचारलं. या वेळी त्यांनी विचार केला आणि हो म्हणाले. "हे माझं आहे, हे चालेल."

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला मी ते पोह्यांचं पान 'रीप्ले' करून दाखवत होतो. फाइल चालू केली, एडिटर उघडा ठेवला, आणि कीबोर्डला कोणी हात न लावता अक्षरं पडायला लागली. नानांच्या वेगानं, नानांच्या तालात, स्वल्पविरामापाशी त्यांचा तो छोटा विसावा, जुन्या स्विचचे दुप्पट 'र' सगळे जिथल्या तिथे. पोरगी डोळे मोठे करून बघत होती. नाना आतल्या खोलीतून आले, दारात उभे राहिले, पडद्याकडे बघत राहिले. तिसऱ्या ओळीत 'दुसर्या' पडलं तसे म्हणाले, "थांबव. इथे शिफ्ट सुटली माझी. हे पान राहू दे, मी दुसरं टायपून देतो."

आणि खुर्ची ओढून बसले.